जुन्या .३२ पिस्तुलाची निगा आणि सुटे भाग : नव्या परवानाधारकांसाठी

आपल्याकडे .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) जुने परदेशी पिस्तूल नव्या माणसाच्या हाती बहुधा दुकानातून येत नाही. ते वडिलांच्या, आजोबांच्या किंवा मामांच्या कपाटातून येते, आणि येताना माहितीपत्रक, जादा मॅगझिन किंवा सुट्या भागांची पुडी यांपैकी काहीही सोबत आणत नाही. १९८०च्या दशकात खासगी व्यक्तींसाठी पिस्तुलांची आयात जवळपास बंद झाली, त्यामुळे घराघरांत असलेली वाल्थर, कोल्ट, एफएन, वेब्ली या कंपन्यांची पिस्तुले त्याआधीची आहेत आणि त्यांतली कित्येक पन्नास ते शंभर वर्षांची आहेत. ९ मिमी आणि .४५ यांसारखे लष्करी व पोलिसी बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून .३२ हाच इथला घरगुती बोअर होऊन बसला. ही पिस्तुले उत्तम पोलादाची आहेत आणि नीट ठेवली तर अजून एक पिढी चालतील. मी पाहिलेल्या बिघडलेल्या पिस्तुलांपैकी बहुतेक वापराने झिजलेली नव्हती. ती चुकीच्या तेलाने, दमट जागेने आणि उत्साही हातांनी बिघडलेली होती. म्हणून या लेखात सुट्या भागांबद्दल जितके आहे, तितकेच आपण कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, याबद्दल आहे.

आधी कागद, मग हत्यार

परवानाधारकाचे निधन झाल्यावर त्याचे शस्त्र वारसाने 'सध्या घरात असू दे' म्हणून ठेवता येत नाही. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते, आणि वारसाला स्वतःच्या नावाचा परवाना मिळाल्यावरच ते परत घेता येते. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत पोलीस आयुक्तालय आणि इतर भागांत जिल्हाधिकारी कार्यालय हे काम पाहते. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात, हेही वारसा हक्काचा विचार करताना ध्यानात घ्यावे.

निगेच्या दृष्टीने शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दोन गोष्टी नवख्याने पहिल्याच दिवशी समजून घ्याव्यात. पहिली अशी की, कायद्याच्या व्याख्येत 'शस्त्र' या शब्दात शस्त्राचे भागही येतात. म्हणजे नळी, स्लाइड (नळीवरून मागेपुढे सरकणारा वरचा भाग) किंवा फ्रेम (मुठीसह खालचा सांगाडा) ही आपल्याला मिक्सरच्या भांड्यासारखी कुठूनही आणता येणारी वस्तू नाही. दुसरी अशी की, शस्त्राची दुरुस्ती हा परवाना लागणारा व्यवसाय आहे. आपले पिस्तूल पुसणे, नेहमीच्या पद्धतीने उघडणे आणि तेल देणे हे आपले काम आहे. भाग बनवणे, घासणे किंवा बदलणे हे दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराचे काम आहे. गावातला लेथवाला कितीही कसबी असला, तरी त्याच्याकडून फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटणारी सुई, करून घेतल्याने तोही अडचणीत येतो आणि आपणही येतो.

पिस्तुलावरचा क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी अंकाअंकाने ताडून पाहावा. क्रमांकाच्या जागी गंज चढला असेल तर ती जागा स्वतः घासू नये. पॉलिश पेपरने उथळ झालेला अंक नूतनीकरणाच्या तपासणीत संशयाचे कारण ठरतो, आणि ओळखखुणा नसलेले शस्त्र बाळगणे हा वेगळा गुन्हा आहे.

आपल्याकडे नेमके कोणते पिस्तूल आहे

घरात ते 'जर्मन पिस्तूल' किंवा 'बेल्जियमचे' एवढ्याच नावाने ओळखले जात असते. सुटा भाग मागायला तेवढे पुरत नाही. स्लाइडच्या डाव्या बाजूवरची अक्षरे भिंगातून वाचावीत आणि वहीत उतरवून घ्यावीत. वाल्थर पीपी हे मॉडेल १९२९ साली आले, आणि त्याहून आखूड पीपीके त्यानंतर लवकरच निघाले. युद्धापूर्वीच्या नगांवर झेला-मेहलिस या गावाचे नाव असते, युद्धानंतरच्या नगांवर उल्मचे. १९५२पासून फ्रान्समधील मान्युरां ही कंपनीही परवान्याखाली हीच पिस्तुले बनवत होती. कोल्टचे १९०३ मॉडेल १९४५पर्यंत बनत राहिले आणि पाच लाखांहून अधिक नग बाहेर पडले. एफएनचे १९१० मॉडेल आणि त्याचेच लांब नळीचे १९२२ मॉडेल ही दोन्ही ब्राउनिंगच्या रचनेची आहेत. यांशिवाय ईशापूरच्या रायफल कारखान्याचे .३२चे 'अशनी' हे देशी पिस्तूल आहे, आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांचा सुट्या भागांचा मार्ग त्या मानाने सोपा आहे.

या सर्वांची चालण्याची रीत मुळात एकच आहे. नळीला स्लाइड कुठल्याही खाचेने जखडलेली नसते. गोळी सुटताना पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी आवरण, मागे रेटली जाते आणि तिला क्षणभर थोपवून धरतात ते फक्त स्लाइडचे वजन आणि परतीची स्प्रिंग. हे एक वाक्य ज्याला पटले, त्याला पुढचे जवळजवळ सगळे आपोआप समजते, कारण अशा पिस्तुलात स्प्रिंग हा सुरक्षिततेचाच भाग असतो.

काडतुसाबद्दलही इथेच सांगतो. आपल्या परवान्यावर नुसते '.३२' लिहिलेले असते, पण .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस आणि .३२ पिस्तुलाचे काडतूस ही दोन वेगळी काडतुसे आहेत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब आणि रुंद कडेचे असते. पिस्तुलाचे आखूड असते, त्याची पुंगळी १७ मिमी लांब असते आणि त्यालाच ७.६५ मिमी असेही म्हणतात. देशी काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही खडकीच्या कारखान्याची खूण आणि ७.६५ हा आकडा दिसतो. दुकानात 'बत्तीसची द्या' एवढे न म्हणता पिस्तुलाची मागावीत आणि खोक्यावरचे लेबल तिथेच वाचावे.

रिकामे करणे : याला पर्याय नाही

निगेचे प्रत्येक काम इथूनच सुरू होते, आणि क्रम कधीही उलटा होता कामा नये. नळीचे तोंड निर्धोक दिशेला आणि बोट चापाबाहेर ठेवून आधी मॅगझिन काढावे. मग स्लाइड पूर्ण मागे ओढून चेंबरमधले (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसण्याच्या जागेतले) काडतूस बाहेर येऊ द्यावे. नंतर स्लाइड मागे धरूनच चेंबरमध्ये डोळ्याने पाहावे आणि करंगळीचे टोक लावून खात्री करावी. मॅगझिन काढण्याआधी स्लाइड ओढली, तर एक काडतूस बाहेर पडते आणि दुसरे आत जाते. 'रिकामे होते' म्हणून झालेल्या अपघातांपैकी कित्येकांच्या मुळाशी हाच उलटा क्रम असतो.

जुन्या पिस्तुलाच्या सोयींवर विसंबू नये. वाल्थरमध्ये चेंबर भरलेले असेल तर हॅमरच्या (फायरिंग पिनवर आपटणाऱ्या भागाच्या) वर एक बारीक पिन बाहेर डोकावते, पण मळाने ती अडकू शकते. एफएन १९१० मॅगझिन काढल्यावर उडत नाही, परंतु वाल्थर पीपी उडते, आणि सुरुवातीच्या कोल्टमध्येही तो अटकाव नव्हता. वाल्थरची सेफ्टी खाली केली की उठलेला हॅमर आपोआप खाली येतो. ही रचना सुंदर आहे, पण साठ-सत्तर वर्षे झिजलेल्या सेफ्टीवर विश्वास टाकून भरलेल्या चेंबरवर हॅमर कधीही पाडू नये. काडतुसे मोजून दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि मगच टेबलावर कापड पसरावे.

उघडणे

कापड पांढरे आणि जाड असावे, म्हणजे निसटलेला बारीक भाग गडगडत जात नाही. पहिल्या खेपेस प्रत्येक पायरीचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे.

वाल्थरमध्ये चापाभोवतीची कमान खाली ओढून किंचित बाजूला टेकवावी, स्लाइड पूर्ण मागे ओढून तिचे मागचे टोक वर उचलावे आणि मग तिला सावकाश पुढे सोडत नळीवरून काढून घ्यावे. नळी फ्रेममध्ये पक्की बसवलेली असते, ती निघत नाही आणि काढूही नये. नळीवरची स्प्रिंग काढताना तिचे कोणते टोक कोणत्या बाजूला होते ते टिपावे, कारण दोन्ही टोके सारखी नसतात. कोल्टमध्ये स्लाइडवरची खूण फ्रेमच्या पुढच्या कडेशी जुळेपर्यंत स्लाइड मागे घेऊन नळी फिरवावी लागते. एफएन १९१०मध्ये तोंडाशी असलेले कडे आत दाबून फिरवले की ते स्प्रिंगच्या जोराने उसळते. ते तळहाताखाली दाबून ठेवावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. हे कडे खोलीत उडून हरवले तर पिस्तूल महिनोन्महिने पडून राहते, म्हणून हे मी आवर्जून सांगतो. वेब्लीची परतीची स्प्रिंग नळीवर नसते. ती इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची असून उजव्या मुठीच्या पट्टीखाली असते, त्यामुळे तिथली पट्टी सहज म्हणून उघडू नये.

नवख्याने इथे थांबावे. हॅमर, त्याला धरून ठेवणारा सिअर, चाप आणि सिअर यांच्यातला दुवा तोडणारा डिस्कनेक्टर, सेफ्टीचा खटका हे सारे जागच्या जागीच राहू द्यावे. चाप जड वाटतो म्हणून आतले काही घासणे हा तर विषयच काढू नये. तिथे केसाएवढी धातू कमी झाली तरी हॅमर अवेळी सुटू शकतो, आणि गेलेली धातू परत लावता येत नाही.

स्वच्छता, आणि खोबरेल तेलाचा प्रश्न

नळीतून आधी सॉल्व्हंटने भिजवलेली कापडी पट्टी, मग पितळी ब्रश, मग कोरड्या पट्ट्या, असा क्रम ठेवावा. ब्रश नळीच्या मध्यावर उलटा फिरवू नये, आरपार जाऊ द्यावा. स्थिर नळीच्या पिस्तुलात रॉड बहुधा तोंडाकडूनच घालावा लागतो, त्यामुळे तो तोंडाच्या आतल्या कडेला घासणार नाही इतका हात स्थिर हवा. ती कड झिजली की पिस्तुलाची अचूकता गेली. लोखंडी तारेचा ब्रश किंवा भांडी घासायची घासणी कधीही वापरू नये. निकेलचा मुलामा असलेल्या पिस्तुलाला अमोनियायुक्त सॉल्व्हंट लावू नये, ते मुलाम्याखालचे तांबे खाते. रॉकेलने काजळी निघते हे खरे, पण रॉकेल पृष्ठभाग उघडा आणि कोरडा सोडते, म्हणून ते वापरले तर पूर्ण पुसून लगेच तेल द्यावे.

फार जुनी, विशेषतः युद्धकाळातली काडतुसे कोणी वापरली असतील, तर त्यांच्या बुडावरच्या, ठिणगी देणाऱ्या टोपीतील रसायनामुळे नळीत क्षार उरतात. हे क्षार मिठासारखे हवेतील पाणी ओढून घेतात आणि तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. अशा नळीला आधी साबणाच्या गरम पाण्याने धुणे, लगेच पूर्ण कोरडे करणे आणि मग तेल देणे हाच उपाय आहे. पिस्तुलात पाणी घालण्याची कल्पना पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, पण नुसत्या तेलाने अशी नळी आठवड्याभरात आतून लाल होते.

आता तेल. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मायेने वर्षानुवर्षे खोबरेल लावलेले असते. माझ्याकडे सासऱ्यांचे वाल्थर पीपी आले, तेव्हा त्याचा बाहेरचा भाग चकचकीत होता. मी ते उघडले, स्लाइड हातात घेतली, सेफ्टी मोकळी केली आणि एका बोथट पितळी काडीने फायरिंग पिनचे मागचे टोक दाबले. पिन आत गेली आणि आतच राहिली. पुढच्या बाजूला, जिथे काडतुसाचे बूड टेकते तिथे, तिचे टोक तांदळाच्या कणीएवढे बाहेर आलेले होते. मिनिटभर मी तसाच पाहत बसलो. पिनच्या मार्गात खोबरेल तेल आणि काजळी यांचा पिवळट तपकिरी गूळ झाला होता, आणि बारीकशा परतीच्या स्प्रिंगला पिन मागे ढकलणे जमत नव्हते. अशा स्थितीत मॅगझिन भरून स्लाइड सोडली असती, तर चापाला हात न लावता पहिलेच काडतूस उडण्याची शक्यता होती. कारागिराने तो मार्ग स्वच्छ केला, पिन आणि तिची स्प्रिंग शाबूत निघाली, आणि खर्च फक्त मजुरीचा झाला.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते. नाशिक-महाबळेश्वरची थंडी सोडाच, पुण्यातली डिसेंबरची रात्रही त्याला पुरते. एरंडेल, मोहरी, तीळ ही सारी तेले कालांतराने चिकट होतात. शस्त्रांसाठीचे तेल मिळाले तर उत्तम, आणि न मिळाल्यास शिलाई मशीनचे पातळ खनिज तेल चालते. स्लाइडच्या खाचांत आणि नळीच्या बाहेरच्या बाजूला बोटाने पुसल्याएवढाच थर द्यावा. फायरिंग पिनचा मार्ग कोरडा ठेवावा. चेंबर आणि मॅगझिनचा आतला भागही कोरडाच हवा, कारण झिरपलेले तेल काडतुसाची टोपी निकामी करते.

हॅमर असलेल्या पिस्तुलात वर सांगितलेली पिनची चाचणी प्रत्येक साफसफाईत करावी. स्लाइड वेगळी काढलेली असताना पिन दाबली की ती पुढे यावी आणि सोडताच टुणकन मागे जावी. ती रेंगाळली, तर पिस्तूल कारागिराकडे जाऊन येईपर्यंत त्यात काडतूस घालू नये.

स्प्रिंगा : पहिला सुटा भाग

जुन्या पिस्तुलासाठी पैसे खर्च करायचे असतील तर आधी स्प्रिंगांवर करावेत. परतीची स्प्रिंग थकली की स्लाइड वाजवीपेक्षा वेगाने मागे जाऊन फ्रेमवर आदळते. पुंगळ्या नेहमीपेक्षा लांब फेकल्या जाणे, फ्रेमवर जिथे स्लाइड आदळते तिथे नव्याने चमकलेले किंवा चेपलेले ठिकाण दिसणे, आणि स्लाइड पुढे जाताना शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला रेंगाळणे, या तिच्या खुणा आहेत. स्प्रिंग काचेवर लोळवून पाहावी. ती वाकडी फिरत असेल किंवा तिचे वेढे एका ठिकाणी दाटले असतील तर ती बदलायलाच हवी.

थकलेली स्प्रिंग हाताने ताणून लांब करणे हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय आहे. तो करू नये. ताणलेल्या पोलादाचा जोर टिकत नाही, आणि दरम्यान आपण निर्धास्त होतो. 'जरा कडक बसवा' असा आग्रहही धरू नये. गरजेपेक्षा कडक स्प्रिंगमुळे स्लाइड पुरेशी मागे जात नाही, पुंगळी अडकते, आणि स्लाइड पुढे येताना आदळते ती वेगळीच. अमेरिकेतील वुल्फसारख्या कंपन्या जुन्या पिस्तुलांसाठी मूळ मापाच्या स्प्रिंगा अजूनही बनवतात, म्हणजे वस्तू जगात आहे, फक्त ती योग्य मार्गाने आणायला हवी. विदेशी संकेतस्थळावरून पार्सल मागवणे हा तो मार्ग नव्हे. शस्त्राच्या भागांच्या आयातीला परवानगी लागते आणि तिच्याशिवाय आलेले पार्सल सीमाशुल्क विभागात अडकते, कधी चौकशी घरापर्यंत येते. परवानाधारक विक्रेत्याकडे लेखी मागणी नोंदवून बिल घेणे हाच सरळ रस्ता आहे.

मॅगझिन : निम्मी तक्रार इथली

पिस्तूल 'अडकते' अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी मॅगझिन दाखवायला सांगतो. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असायला हवी. ती मागे राहिली तर दोन्ही कडा एकमेकींत अडकतात, स्लाइड कितीही ओढली तरी वरचे काडतूस पुढे सरकत नाही, आणि घाबरलेला माणूस जोर लावत बसतो. आखूड, पोकळ टोकाच्या गोळीच्या काडतुसांना मॅगझिनमध्ये पुढेमागे हलायला जास्त जागा मिळते, म्हणून त्यांत हा दोष अधिक दिसतो. या पिस्तुलांची रचना गोल टोकाच्या, पूर्ण कवचाच्या गोळीसाठी आहे, तीच वापरावी.

मॅगझिनची वरची दोन ओठे, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या आत वळलेल्या कडा, पिस्तुलाच्या कुठल्याही भागाइतकीच नेमकी असतात. माझ्याच मॅगझिनची ओठे एका दुरुस्ती करणाऱ्याने पक्कडीने आत दाबून दिली होती. पक्कडीच्या दातांच्या चार रेघा पत्र्यावर स्पष्ट उमटल्या होत्या. त्यानंतर पहिले काडतूस नेमाने वर तोंड करून अडकू लागले, आणि शेवटी ते मॅगझिन बाजूला ठेवून दुसरे शोधावे लागले. म्हणून ओठे वाकली असतील तर ती सरळ करत बसण्यापेक्षा दुसरे मॅगझिन शोधणे बरे. शोधताना मॉडेल पक्के असावे. .३२ बोअरमध्ये पीपीच्या मॅगझिनमध्ये ८ काडतुसे बसतात आणि पीपीकेच्या ७, आणि दोहोंची लांबी वेगळी असते. एफएन १९१०चे ७ काडतुसांचे, तर १९२२चे ९ काडतुसांचे असते. कोल्ट १९०३ आणि त्याचेच .३८० बोअरमधील भावंड, कोल्ट १९०८, यांची मॅगझिने दिसायला सारखी पण कामाला वेगळी असतात, म्हणून बुडावरचा बोअर वाचावा. मूळ मॅगझिन वाकडे असले तरी फेकू नये. पिस्तुलाची किंमत ठरताना त्यालाही मोल असते, आणि मापासाठीही ते लागते.

फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर आणि इतर

रिकाम्या पिस्तुलाचा चाप पुन्हा पुन्हा ओढण्याने जुन्या पिना तुटतात, आणि विशेषतः एफएन १९१०सारख्या, हॅमर नसलेल्या पिस्तुलात हा धोका मोठा असतो. सराव करायचाच असेल तर चेंबरमध्ये नकली काडतूस घालून करावा. पिनचे टोक भिंगातून पाहावे. ते गुळगुळीत आणि गोल हवे. टवका उडालेले किंवा धारदार टोक काडतुसाची टोपी फोडते आणि गरम वायू मागे, चेहऱ्याकडे येतो. एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या भागाच्या) आकडीत काजळी दगडासारखी घट्ट बसते, ती दात कोरायच्या लाकडी काडीने काढावी. काजळी काढूनही पुंगळी चेंबरमध्येच राहत असेल, तर आकडीचा टवका उडाला आहे किंवा मागची स्प्रिंग थकली आहे असे समजावे. हे दोन्ही भाग मिळाले तरी बसवताना थोडे जुळवून घ्यावे लागतात, आणि ते काम कारागिराचे आहे.

मुठीच्या पट्ट्या जुन्या बेकेलाइटच्या किंवा कडक रबराच्या असतात आणि वयाने ठिसूळ झालेल्या असतात. स्क्रू आवळताना शेवटचा पाव फेरा त्यांना तडकवतो. पेचकसाचे पाते खाचेत पूर्ण बसणारे असावे, आणि सॉल्व्हंट वापरण्याआधी पट्ट्या काढून ठेवाव्यात. पट्टी तडकली तर नवी बसवून जुनी जपून ठेवावी.

भाग मागताना विक्रेत्याला कंपनी, मॉडेल, बोअर, बनावटीचे गाव, भागाचे व्हर्निअरने घेतलेले माप आणि स्वच्छ छायाचित्र द्यावे. पिस्तुलाचा पूर्ण क्रमांक मात्र व्हॉट्सॲपच्या गटांत फिरवू नये. भाग बदलल्यावर जुना भाग परत मागून घ्यावा आणि तारीख घातलेल्या पाकिटात ठेवावा. नळी, स्लाइड किंवा फ्रेम बदलण्याची वेळ आली, तर काम सुरू होण्याआधीच परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारावे.

दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी मान्यताप्राप्त रेंजवरच घ्यावी. आधी मॅगझिनमध्ये एकच काडतूस, मग दोन, आणि ती व्यवस्थित चालल्यावरच अधिक, असा क्रम ठेवावा. दोन गोळ्या एका चापात सुटल्या, तर ते पिस्तूल लगेच रिकामे करून कारागिराकडे द्यावे.

पावसाळा आणि ठेवण्याची जागा

चामड्याच्या म्यानात पिस्तूल ठेवून देणे ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. कमावलेल्या चामड्यात आम्ल आणि क्षार असतात, आणि ते ओल धरून ठेवते. रत्नागिरीत एका पावसाळ्यानंतर काढलेले पिस्तूल मी पाहिले. त्याच्या उजव्या बाजूवर म्यानाच्या आतल्या चामड्याचे दाणे गंजाच्या ठिपक्यांनी जसेच्या तसे उमटले होते, आणि डावी बाजू, जिथे चामडे टेकत नव्हते, निळी आणि स्वच्छ होती. म्यान बाहेर नेण्यासाठी आहे. घरात पिस्तूल तेलाच्या बोटाने पुसून, सुती कापडात सैल गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कुलुपाच्या पोलादी पेटीत ठेवावे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पंधरवड्यातून एकदा ते काढून पुसावे आणि पुड्या बदलाव्यात किंवा तापवून कोरड्या कराव्यात. हाताळल्यावर बोटांचे ठसे पुसायला विसरू नये, कारण घामातल्या मिठाने निळ्या मुलाम्यावर दोन दिवसांत तांबूस ठसा उमटतो. असा वरवरचा गंज तेलात भिजवलेल्या कापडाने आणि तांब्याच्या बोथट तुकड्याने हलक्या हाताने निघतो. पॉलिश पेपरने गंजाबरोबर मुलामाही निघतो.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की पुष्कळ परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, आणि तिथे ते महिना-दोन महिने दमट खोलीत पडून राहते. जमा करण्याच्या आदल्या दिवशी नळीत आणि बाहेर नेहमीपेक्षा थोडा जाड तेलाचा थर द्यावा, म्यान घरी ठेवावे, आणि पावतीवर क्रमांक व मॅगझिनांची संख्या लिहून घ्यावी. परत मिळाल्यावर ते तसेच पेटीत ठेवू नये आणि भरू तर मुळीच नये. रिकामे असल्याची खात्री करून ते उघडावे, नळी उजेडाकडे धरून आरपार पाहावे, मग कोरडी पट्टी फिरवावी. बंद खोलीत ठेवलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. ते बाहेरून दिसत नाही, आणि अडलेल्या नळीतून गोळी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते. नळीत माती दिसली, तर ती ओल्या पट्टीने भिजवून लाकडी काडीने अलगद मोकळी करावी, नळी धुऊन कोरडी करावी, आणि पुन्हा एकदा उजेडाकडे धरून पाहावे.